किलोला ३५० रुपये

गेल्या आठवड्यात माझ्या पायांचा बाजारभाव कळला. किलोला ३५० रुपये.

पाय म्हणजे माझी चाकाची खुर्ची. वजन १२ किलो. १२ गुणिले ३५०, झाले ४,२०० रुपये. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या पोरानं मोबाइलवर हिशोब केला आणि स्क्रीन माझ्याकडं वळवून दाखवला, भुसारी दुकानात दाखवतात तसा. माझं पोट जीएसटीच्या रिटर्नवर चालतं, त्यामुळं गुणाकार बरोबर होता एवढं खात्रीनं सांगते. कोल्हापुरात ३५० रुपयांत किलोभर मटण मिळायचं कधीच बंद झालं. मटणाच्या दरावरून २०१९ ला या गावानं आंदोलन केलंय. खुर्चीच्या दरावरून करायला कोण येणार? मी आणि माझी बहीण.

सगळं पहिल्यापासून सांगते. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

कंपनीचं नाव टाकत नाही, आणि परत येताना ज्या शहरातून बसले त्याचंही नाही. नाव टाकलं की कमेंटमध्ये "त्यांचं असंच असतंय, तुम्ही दुसरीनं जायचं" सुरू होतं आणि दुसरी सुटते. मी दुसरीनंही गेलेय.

चौदा महिन्यांची असताना मला पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले. २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, म्हणजे आमच्या मागं नवीन भरती नाही. आहोत तेवढेच, आणि सगळे म्हातारपणाकडं निघालेले. राजारामपुरीत तळमजल्यावर माझं छोटं ऑफिस आहे. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या क्लायंटसाठी बाहेरगावी जावं लागतं, आणि गेली चार वर्षं मी शक्य तिथं विमानानं जाते. स्वस्तातल्या विमानानं. त्यावर गल्लीतल्या काकूंपासून क्लायंटपर्यंत सगळ्यांचं एकच, "मजा आहे बाई तुझी."

मजा कसली आहे ते सांगते. रेल्वेत मला तिकिटावर ७५ टक्के सवलत आहे. स्लीपरला आहे, थर्ड एसीला आहे, आणि सोबत येणाऱ्यालाही तेवढीच आहे. एसटीतही सवलत आहे. म्हणजे प्रश्न पैशाचा असता तर मी विमानाच्या वाटेला गेलेच नसते. पण सवलत तिकिटाला असते, पायरीला नसते. एसटीच्या त्या तीन पायऱ्या अजून तशाच आहेत. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं म्हणजे अख्खी रात्र, आणि अख्ख्या रात्रीत डब्यातल्या संडासाच्या दारातून माझी खुर्ची आत जात नाही. म्हणून आदल्या दुपारपासून पाणी बंद. तोंड कोरडं, डोकं दुखतंय, आणि सकाळी क्लायंटसमोर हसत बसायचं. विमानाला सव्वा-दीड तास लागतो. सव्वा तास मी थांबू शकते. बारा तास नाही थांबू शकत. हे असं उघड लिहायला पूर्वी लाज वाटायची. चाळिशी उलटली, आता नाही वाटत.

तर विमान ही माझी चैन नाही. पण हे कुणाला पटवायला गेलं की समोरचा एकदम हळवा होतो आणि मुद्दा राहतो बाजूला.

आता तिकीट. नियम असा की मदत लागणार असेल तर सुटायच्या किमान ४८ तास आधी कंपनीला कळवायचं. मी कळवते. वेबसाइटवर एक चौकोन असतो, 'व्हीलचेअर', त्यावर टिक करायची. पण आतल्या भाषेत आमचे तीन प्रकार आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण जिना चढता येतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना चढता येत नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत न्यावं लागतं. मी तिसरी. वेबसाइटवरच्या टिकमधून बहुतेक वेळा पहिलाच प्रकार पडतो, म्हणून मी फोन करून "सी लिहा, सीताफळातला सी" असं सांगते. तरी विमानाच्या जिन्याखाली हातात यादी घेऊन उभा असलेला मुलगा दर वेळी विचारतो, "मॅडम, थोडं चालता येईल ना?"

"थोडं" म्हणजे किती, हे मी एकदा त्याला विचारलं. बिचारा गप्प झाला.

त्या मुलाचीही सगळी चूक नाही. त्याच्या यादीत रोज दहा व्हीलचेअरवाले असतात, त्यातले निम्मे विमान उतरलं की वरच्या कप्प्यातून स्वतःची बॅग काढून टणाटण चालत जातात. रांग चुकवायला खुर्ची मागणारी ही धडधाकट मंडळी. म्हाताऱ्या माणसांचं मी म्हणत नाही. मोठाल्या विमानतळावर एक-एक किलोमीटर चालायचं तर सत्तरीच्या माणसाला खुर्ची लागणारच. पण पस्तिशीचा गडी, पायात महागडे बूट, "मावशींबरोबर मलाही एक द्या" म्हणतो तेव्हा माझ्या हाताला शिवशिव सुटते.

जायच्या दिवशी सकाळी बहीण उजळाईवाडीच्या विमानतळावर सोडायला आली. आदल्या रात्री मी म्हणत होते रिक्षानं जाते, तर म्हणाली, "गप बस, मी येतो." (आमच्या कोल्हापूरच्या बऱ्याच बायका येतो-जातोच म्हणतात. बाहेरच्यांनी व्याकरण काढू नये.) विमानतळाबद्दल चांगलं ते चांगलं म्हणेन. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेला हा विमानतळ, आणि २०२४ च्या मार्चमध्ये नवीन टर्मिनल उघडलं. वाड्यासारख्या कमानी, आत फरशी सपाट, खुर्ची तुपावरून गेल्यासारखी जाते. चेक-इनच्या पोरीनं माझ्या मागं उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थांना विचारलं, "सर, ह्यांच्याबरोबर कोण आहे?" ते दचकले. मी म्हटलं, "ह्यांच्याबरोबर ह्याच आहेत. एकट्या." मग तिनं एक छापील फॉर्म पुढं केला, प्रवासात काही झालं तर जबाबदारी माझी अशा मजकुराचा. मी बॅगेतून नियमाची प्रत काढली. डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांना नियम घालून देणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम स्वच्छ आहे, ज्याला फक्त चढाय-उतरायला मदत हवी त्याच्याकडून डॉक्टरचं सर्टिफिकेट किंवा वेगळे फॉर्म मागायचे नाहीत. पोरीनं वाचलं, आत जाऊन कुणाला तरी विचारून आली आणि म्हणाली, "सॉरी मॅडम, आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं." तिच्या चेहऱ्यावरून ते खरं वाटलं.

आपल्याकडून सुटणारी बरीच विमानं छोटी, एटीआर. पंख्याची. हिला चढायचं दार शेपटीकडं असतं, आणि त्या दाराच्याच आतल्या अंगाला पायऱ्या. दार खाली पडलं की जिना तयार. ज्यानं काढलं त्याच्या डोक्याला दाद द्यावी, बाहेरून शिडी आणायची कटकट नाही. फक्त त्या अरुंद पायऱ्यांवरून माणूस एकटाच जाऊ शकतो, आणि तोही पायांवर.

मग दोन लोडर आले. विशीतली पोरं, एकाच्या कपाळावर जोतिबाचा गुलाल अजून पुसट दिसत होता. "ताई, आम्ही हाय की. बिनघोर ऱ्हावा."

इथं जरा थांबते, कारण पेपरात 'उचलून नेण्यात आले' एवढं एक वाक्य येतं आणि त्यात काय असतं ते कुणाला कळत नाही. आधी मी विमानाच्या दिवशी साडी नेसत नाही, कितीही महत्त्वाची मीटिंग असो. पंजाबी ड्रेस, तोही घट्ट पायजम्याचा, आणि ओढणीला दोन पिना. का, ते बायकांना सांगायला नको. मग उचलणाऱ्यांना सांगायचं. एकानं मागून, काखेतून हात घालून माझीच मनगटं माझ्या छातीशी धरायची. दुसऱ्यानं दोन्ही मांड्या एकत्र, गुडघ्याच्या वरून. घोट्याला धरायचं नाही. पोलिओत ताकद जाते, जाणीव जात नाही. घोट्याला धरून उचललं तर कमरेपर्यंत कळ जाते, आणि गुदगुल्याही होतात, दोन्ही एकदम. हे सगळं अर्ध्या मिनिटात सांगायचं, कारण मागं बाकीचे प्रवासी बसमध्ये उभे असतात आणि सगळे बघत असतात. या दोघांनी नीट ऐकलं. "एक, दोन, तीन" म्हणून उचललं, पाच-सहा पायऱ्या, आडवं वळून आत, आणि मागच्या रांगेत अलगद ठेवलं. एकानं माझी चप्पल सरळ करून दिली. हवाई सुंदरी आली, ती उकिडवी बसली आणि माझ्या डोळ्याला डोळा देऊन विचारलं, "काही झालं तर तुम्हाला बाहेर काढायची तुमची पद्धत सांगून ठेवा." एवढ्या वर्षांत हा प्रश्न विचारणारी ती दुसरी.

आता माझं खरं म्हणणं. ही पोरं चांगली आहेत, आणि या चांगुलपणावरच सगळा कारभार रेटून नेला जातो. पायऱ्यांऐवजी उतार असलेली शिडी मागवायची गरज कुणाला वाटत नाही, कारण उचलायला हात आहेत. विमानाच्या आतल्या बोळातून जाणारी अरुंद खुर्ची स्टोअरमध्ये असली तर असते, नसली तर "बघतो मॅडम". कागदावर सगळं ठीक चाललंय, कारण माझ्यासारखी प्रत्येक बाई शेवटी कुणाच्या तरी हातावर सीटपर्यंत पोचतेच. जी पोचणार नाही असं वाटून घरातच बसली, ती कुठल्या यादीत येत नाही.

आमच्या गावाला तर उचलण्याची सवयच आहे. २०१९ च्या महापुरात पलीकडच्या गल्लीतल्या पोरांनी मला खांद्यावरून बोटीपर्यंत नेलं. एकाचंही नाव मला आजही माहीत नाही. त्या दिवशी मी ओढणी कुठं आहे ते बघितलं नाही, कुठं धरायचं ते सांगितलं नाही. पूर होता. पण रोज सकाळी वेळापत्रकानं सुटणारं विमान म्हणजे महापूर नव्हे ना! तिकीट महिनाभर आधी काढलेलं, फोन ४८ तास आधी केलेला, तरी जिन्यापाशी मी पोचले की सगळ्यांना नव्यानं पूर येतो.

आणि याच गावात १९८४ मध्ये नसीमा हुरजूक यांनी हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड उभी केली. स्वतः खुर्चीवरून. खुर्ची उतारावरून एकटीनं कशी न्यायची, पलंगावरून खुर्चीवर कसं सरकायचं, हे मी ज्या ताईकडून शिकले ती उचगावच्या त्यांच्या वसतिगृहात वाढलेली. तिचं पहिलं वाक्य होतं, "उचलून घ्यायची सवय लावून घेऊ नको, मोडता मोडत नाही." तेव्हा मला ती फार कडक वाटली होती.

येतानाची गोष्ट थोडक्यात सांगते, राग परत चढतो. मोठं शहर, मोठा विमानतळ. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरायची मुभा नियमात आहे. मी मागितली. काउंटरवर म्हणाले, "वेळ नाही, फ्लाइटला फक्त पंचवीस मिनिटं मिळतात." स्वस्त विमानांचा धंदा या मिनिटांवर चालतो हे मला कळतं, विमान जमिनीवर जेवढं कमी उभं तेवढा पैसा सुटतो. पण मी दोन तास आधी आलेली होते. माझे दोन तास आणि त्यांची पंचवीस मिनिटं यांचा संबंध मला अजून लागलेला नाही. खुर्ची घेतली, बॅगेला लावतात तसला टॅग तिच्या हाताला डकवला आणि पट्ट्यावरून ती रबरी पडद्याआड गेली. मला बसवलं विमानतळाच्या खुर्चीत. तिची चारही चाकं छोटी. ढकलणारा असेल तरच ती हलते, बसणाऱ्याच्या हातात काही नाही. ढकलणाऱ्यानं मला गेटजवळ नेलं, ब्रेक लावला, "आलोच" म्हणून गेला. तोंड भिंतीकडं. सव्वा तास मी एका अग्निशामक नळकांड्यावरच्या सूचना वाचत होते. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा. पाठ झाल्यात.

कोल्हापूरला उतरले तेव्हा खुर्ची पट्ट्यावरून आली, एका आंब्याच्या पेटीला टेकून, आडवी. पुढच्या उजव्या चाकाचा चिमटा वाकलेला. ब्रेकचा दांडा मोडून नुसत्या वायरवर लोंबत होता. ती ३८,००० ची आहे, माझ्या मापाची, दोन वर्षं पैसे साठवून घेतलेली. मापाची म्हणजे ती मोडली की शेजारणीची आणून चालत नाही. चपलेसारखं नाही ते. आणि तिथं त्या पोरानं तो गुणाकार केला. माझ्या तिकिटाच्या अटींत चेक-इन सामानाच्या नुकसानीचा दर आहे, किलोला ३५०, जास्तीत जास्त २०,०००. मी म्हटलं, हे सामान नाही. तो म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये बॅगेजच येतंय." गंमत म्हणजे याच खुर्चीचे मला जास्तीच्या सामानाचे पैसे पडत नाहीत, कारण नियमानं सहाय्यक साधनं फुकट न्यायची असतात. नेताना ती साधन असते आणि मोडल्यावर ती बॅग होते.

तक्रार केलीय. सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर टाकलीय, कंपनीला मेल केलाय. उत्तर आलं, "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत," खाली पुढच्या प्रवासासाठी कूपन.

"अगं पण एवढ्या स्वस्तात तिकीट घेतल्यावर अजून काय अपेक्षा करायची?" हे मला एका जवळच्या, शिकलेल्या माणसानं विचारलं. स्वस्तात काय नसतं ते मला माहीत आहे. खायला नसतं, पाय लांब करायला जागा नसते (मला तशीही लागत नाही), खिडकीचे पैसे वेगळे, सातव्या किलोपुढं हातातल्या पिशवीवर डोळा. हे सगळं मान्य करूनच मी तिकीट घेते. पण चढायला मिळणं हे सँडविचच्या यादीत कधी गेलं? पायवाल्यांना जिना तिकिटातच मिळतो. जिन्याला पण पैसे पडतातच की. ते कुणी वेगळे मोजत नाही एवढंच. उडान योजना सुरू झाली तेव्हा हवाई चप्पल घालणाराही हवाई जहाजात बसेल असं सांगितलं गेलं होतं, आणि आपलं कोल्हापूर त्याच योजनेतून पुन्हा आभाळात गेलं. मीही चप्पल घालते. कोल्हापुरीच. सहा वर्षं झाली, तळ अजून कोरा आहे.

आणि हे कुणी नुसतं रडगाणं समजू नये. २०१२ च्या फेब्रुवारीत जीजा घोष नावाच्या बाईंना, त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूतल्या दोषामुळं हालचालींवर नीट ताबा राहत नाही), कोलकात्यात विमानात बसल्यावर खाली उतरवलं. अपंगत्वाच्याच विषयावरच्या परिषदेला गोव्याला निघाल्या होत्या त्या. चार वर्षं भांडल्या. मे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. २०२२ ला रांचीत एका दिव्यांग मुलाला विमानात घेतलं नाही. बाकीचे प्रवासी, त्यातले डॉक्टर, त्याच्या बाजूनं बोलत होते, तरी नाही घेतलं. डीजीसीएनं कंपनीला पाच लाख दंड केला आणि नियम बदलला. आता प्रवाशाची तब्येत उडताना बिघडेल असं वाटलं तर कंपनीनं डॉक्टरला दाखवायचं, आपल्या मनानं ठरवायचं नाही. म्हणजे आज मला कुणी आपल्या मनानं विमानातून खाली उतरवू शकत नाही ते एका बाईच्या चार वर्षांमुळं आणि एका लेकराच्या रडण्यामुळं. ४,२०० रुपये आणि ते कूपन धरून मला गप्प बसायचं नाही, ते यासाठी.

खुर्ची दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात नेली. तिथं माझे एक मिस्त्रीमामा आहेत, लेथ आणि वेल्डिंगचं काम करतात, या खुर्चीचं पुढचं बेअरिंग त्यांनीच बदललेलं. कंपनीचा सुटा भाग मागवायचा तर सहा आठवडे. मामांनी चिमटा काढला, व्हाइसमध्ये धरला, गॅसवर लाल केला आणि हातोडीनं हळूहळू सरळ केला, मधेमधे डोळा बारीक करून लांबून बघत. ब्रेकचा दांडा नवीनच बनवला, मूळच्यापेक्षा जाड. ६५० रुपये झाले. मी ६०० म्हटलं, ते ६५० वर ठाम राहिले, मी दिले. पैसे घेतात म्हणूनच मी त्यांच्याकडं जाते.

मग त्यांनी विचारलं, "वाकली कशी?" मी सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. आत गेले, नंबरप्लेट रंगवायचा बारीक ब्रश आणि पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आले. खुर्चीच्या दोन्ही अंगाला, जिथं नळी भक्कम आहे तिथं, बाण काढले आणि सुबक अक्षरात लिहिलं, "इथं धरा." पुढच्या चाकाजवळ लिहिलं, "इथं नको." खाली फुंकर मारली.

मग ब्रश तसाच हातात धरून म्हणाले, "आणि तुमास्नी कुठं धरायचं, ते कुठं लिवायचं?"

मी हसले. मामा हसले नाहीत. ते उत्तराची वाट बघत उभे होते.